स्टेडियमवरच्या कुरडया

निंगप्पाची चिठ्ठी आली तेव्हा दाक्षायणी जगूच्या पिण्याच्या पाण्याला दुसरी उकळी फुटायची वाट पाहत होती. नवरा चार दिवस फुटबॉलच्या गोलाच्या जाळ्या आणायला पुण्याला गेला होता. सकाळच्या गाडीनं उतरला तो घरी न येता परस्पर कचेरीत, आणि तिथून ही चिठ्ठी. 'कलेक्टरसाहेब उद्या महाबळेश्वरला निघतात. उद्घाटन पंधरवड्यानं नाही, आजच, साडेचारला. मी गॅलरी झाडून घ्यायला जातो.'

'गॅलरी झाडून' हे दोन शब्द दाक्षायणीनं पुन्हा वाचले. कारण स्टेडियमच्या गॅलरीवर निम्म्या भवानी पेठेच्या कुरडया वाळत होत्या.

सुरुवात तिनंच केली होती, आणि तीही फक्त जगूच्या सत्त्वापायी. दहा महिन्यांच्या लेकीला नाचणीचं सत्त्व द्यायचं, तर ते वाळवायचं कुठं? माळवदावर घातलं की गिरणीच्या धुराड्यांची काजळी दुपारपर्यंत त्याची राख करून टाकी. कॉलेजात आरोग्यशास्त्र शिकलेल्या आईला ते बघवेना. अक्कलकोट रस्त्याला, वाऱ्याच्या वरच्या अंगाला, निंगप्पाच्या देखरेखीखाली फुटबॉलचं राष्ट्रीय स्टेडियम उठत होतं. शहाबादी फरशीच्या चढत्या पायऱ्या, स्वच्छ, तापलेल्या, माणूस ना काणूस. फाटकाची किल्ली घरातच खुंटीला होती. परवा तिनं धुतलेलं धोतर अंथरून सत्त्व घातलं. काल सासूबाई रत्नम्मा पापड घेऊन आल्या. आज उजाडता गल्लीच लोटली.

स्टेडियमच्या कमिटीला हिंदुस्थानातलं सगळ्यात मोठं स्टेडियम सोलापुरात हवं होतं. फुटबॉल बघणार कोण, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं. कुस्तीला गाव लोटायचं. पण फुटबॉल म्हटलं की कामवाल्या बजाबाईसारखी माणसं हसायची. "हात आसून हात लावायचा न्हाई," ती म्हणायची, "मंजी सोवळ्यातला ख्योळ हाय की." आतापर्यंत एकच बाजू बांधून झाली होती. उद्घाटनाला ती भरली तर दुसऱ्या बाजूला साहेबाची मंजुरी; नाही भरली तर काम बंद, आणि निंगप्पाची ओव्हरसियरकीही बंद.

जगूला कडेवर, उकळलेल्या पाण्याचा तांब्या हातात, अशी दाक्षायणी टांग्यानं मैदानावर पोचली आणि बायकांना विनवू लागली. कुणी जागची हलेना. तीन दिवस गहू भिजवून, चीक शिजवून घातलेली कुरडई ती. बजाबाईनं तर पदरच खोचला.

"बाईसाब, वली कुरडई उचलली तर भुगा हुतुया. दिस कलल्याबिगर मी हात लावू देणार न्हाई."

"अगं, साहेब येतोय."

"येऊ द्या की. कडंनं चाल म्हनावं."

रत्नम्मांनी सुनेकडे न बघताच निकाल दिला, की साहेब एका दिवसाचा, पापड वर्षाचे. बातमी पेठेत पोचली तशा उरलेल्या बायकाही राखणीला धावत आल्या. कावळ्यांबरोबर आता साहेबापासूनही राखायचं होतं.

निंगप्पा झाडूवाले घेऊन आला आणि फाटकातच थबकला.

"हे काय आहे?"

"कुरडया."

"दिसतंय मला. इथं का?"

"घरी काजळी पडते."

तो मटकन पायरीवर बसला. खालून कुरकुर आवाज आला.

"तुमच्या अव्वांचे पापड होते ते," दाक्षायणी म्हणाली.

त्यावर निंगप्पानं पुढचा तासभर बायकोशी बोलणं टाकलं. सासूनंही टाकलं, पापडासाठी. जणू पापडावर दाक्षायणीच बसली होती.

साडेचारला साहेब मोटारीतून उतरला. पायऱ्यांवर पसरलेला तो पांढरा पसारा आणि त्यामध्ये बसलेल्या तीनचारशे बायका बघून त्यानं कमिटीच्या अध्यक्षांना काहीतरी विचारलं. अध्यक्षांनी निंगप्पाकडे पाहिलं. निंगप्पानं आभाळाकडे. शेवटी दाक्षायणीनंच कॉलेजातलं सगळं इंग्रजी गोळा केलं आणि सांगितलं, की आमच्याकडे नव्या वास्तूत माणसांच्या आधी अन्नाला बसवतात. साहेबानं टोपी काढली.

पलटणीतल्या दोन संघांचा सामना सुरू झाला. चेंडू मैदानाच्या पलीकडे असला की बायका कुरडया उलटत. तो गॅलरीकडे वळला की चारशे बायका एकदम उठत, हात उंचावत आणि अशा ओरडत की पलटणीच्या खेळाडूंचे पाय अडखळत. साहेब खूष होत होता. एकदा चेंडू उडाला तो थेट सत्त्वाच्या धोतरात. दाक्षायणी धावेपर्यंत शेजारीच बसवलेल्या जगूनं त्याला दोन्ही हातांनी धरलं होतं आणि त्याच्यावरचं सत्त्व चाटायला सुरुवातही केली होती.

मैदानावरची धूळ, बावीस माणसांचे बूट, देव जाणे कुठलं चामडं. चेंडू मागायला आलेला खेळाडू कमरेवर हात ठेवून उभा राहिला. दाक्षायणीनं जगूच्या हातातून चेंडू हिसकावला आणि आयुष्यातला सगळा वैताग पायात आणून असा लाथाडला, की तो मैदानाच्या मध्यावर जाऊन पडला. साहेबानं उभं राहून टाळ्या वाजवल्या.

पुढचे दोन दिवस ती दर तासाला जगूचं अंग चाचपत होती. जगूला काही झालं नाही. उलट तेव्हापासून उकळलेल्या वाटीतलं सत्त्व ती थुंकायला लागली.

तिसऱ्या दिवशी निंगप्पा कागद नाचवतच आला. दुसऱ्या बाजूला मंजुरी. तीन वर्षांचं काम. साहेबाचा शेरा होता, असा उत्साही स्त्रीवर्ग त्यानं विलायतेतही पाहिला नव्हता. खाली आणखी एक ओळ होती. जुलैच्या सामन्याला तो पाहुणे घेऊन येणार होता, आणि त्यांना हीच गर्दी दाखवायची होती.

"जुलैत?" दाक्षायणी म्हणाली. "आषाढात कुणी कुरडया घालतं?"

निंगप्पाचा हात खाली आला. रत्नम्मांनी नवीन लाटलेला पापड तसाच धरून ठेवला. भांडी घासणाऱ्या बजाबाईनं मान वर केली.

"त्यात काय मोटं? पावसाळ्यात लेकरांची दुपटी कुनाच्या घरात वाळत्यात? उघडीप दिसली की सगळी पेठ पळंल तितं."

मग निंगप्पा हळूच म्हणाला, "आणि साहेबानं विचारलं तर?"

दाक्षायणीनं दोरीवरून जगूची दुपटी ओढली आणि निवडायला बसली. पांढरी एका बाजूला, जुन्या इरकलीची लाल-हिरवी दुसऱ्या बाजूला.

"ही रंगीत वरच्या पायरीवर," ती म्हणाली. "साहेबाला लांबून निशाणंच वाटतील."