घारकड्याचं सातवं ग्रीन

घारकड्याच्या गोल्फ मैदानातलं सातवं ग्रीन एका रविवारी दुपारी समुद्रात निघून गेलं, तेव्हा त्यावर माझे भावोजी उभे होते. ग्रीन म्हणजे झेंडा आणि भोक असलेली, मऊ गवताची गोल जागा. सातवं अगदी कड्याच्या टोकावर होतं. मी काठ्यांची पिशवी घेऊन अलीकडे थांबलो होतो. खर्र आवाज झाला, टोक जांभ्यासकट सुटलं, सावकाश खाली उतरलं आणि होडीसारखं पाण्यावर बसलं. भावोजी चेंडूवर वाकले होते. फटका मारताना ते मान वर करत नाहीत.

माझ्या बहिणीचे यजमान श्रीरंग दिघे यांनी आयुष्यात पुष्कळ गोष्टी सुरू केल्या. वकिली, बासरी, होमिओपथी, मधमाश्या. एकही तडीला गेली नाही. दर वेळी गाव बदलायचं आणि दर वेळी कुमुदताई भांडी वर्तमानपत्रात गुंडाळायची. आता चेंडू भोकापासून हातभर अंतरावर होता. तो आत गेला असता तर भावोजींच्या हातून काहीतरी पुरं झालं असतं.

मी ताईला घेऊन क्लबच्या सेक्रेटरींकडे गेलो. हेगिष्टे म्हणून होते, अतिशय सभ्य गृहस्थ.

"खेळ चालू आहे," ते म्हणाले. "चेंडू ग्रीनवर आहे ना?"

"ग्रीन समुद्रात आहे," मी म्हटलं.

"तो ग्रीनचा प्रश्न. चेंडूच्या बाबतीत काहीच बदललेलं नाही."

"यांना परत कसं आणायचं?" ताईने विचारलं.

"खेळाडूला मध्येच उठवता येत नाही, दिघेबाई. मागून येणाऱ्यांना मी थांबायला सांगितलंय."

ग्रीन ओहोटीला बाहेर जायचं आणि भरतीला कड्याखाली परत यायचं. सकाळी इस्माईल फणसोपकर आपल्या होडीतून जेवण आणि पाणी पोचवायचा. भावोजी जेवायचे, तिथेच गवतावर झोपायचे आणि पुन्हा चेंडूजवळ जाऊन वाकायचे. मागची मंडळी कंटाळून ग्रीन जवळ आलं की कड्यावरून फटके मारू लागली. त्यातले काही चेंडू ग्रीनवर पोचलेही. भावोजींनी ते बाजूला सारून ठेवले.

ताईला मात्र घर खायला उठलं. मेथी निवडायला बसली की अर्धी जुडी तशीच टाकून उठायची. ओहोटी लागली की तिच्या पायांना स्वस्थता नसे. चपला न घालताच कड्यावर जायची आणि अंधार पडेपर्यंत येरझारा घालायची. "बस की जरा," मी म्हणायचो. "बसवत नाही रे," ती म्हणायची. सुरुवातीला ती विचारायची, "ते कुठवर गेलेत?" पुढे पुढे "ते कुठवर गेलंय?" असं विचारू लागली. मी व्याकरणाकडे लक्ष दिलं नाही.

शेवटी एके सकाळी ती इस्माईलच्या होडीत चढून बसली. मीही चढलो.

"ताई, घाई नको हां," ग्रीनजवळ पोचल्यावर इस्माईल म्हणाला. "लाट वर घेईल तेव्हाच पाय टाका."

तिने लाटेची वाट पाहिली नाही. साडी खोचली आणि सरळ वर चढली. भावोजींची दाढी वाढली होती.

"अहो, मारत का नाही?" तिने विचारलं.

"हलतंय ना," भावोजी म्हणाले. "थांबलं की मारतो."

"ते थांबायचं नाही."

भावोजींनी काठी चेंडूमागे टेकवली. मग हळूच म्हणाले, "आत गेला नाही तर?"

"तर घरी चहा आहे. गेला तरी चहाच आहे. मारा."

त्यांनी मारला. चेंडू डावीकडे निघाला, तेवढ्यात खालून लाट आली, ग्रीन उजवीकडे कललं आणि चेंडू टप्पकन आत पडला. इस्माईलने टाळ्या वाजवल्या. भावोजींनी मान वर केली आणि भोवताली इतकं पाणी पाहून ते मटकन गवतावर बसले. मी त्यांना धरून होडीत उतरवलं.

"ये ताई," मी हात पुढे केला.

ती झेंड्याची काठी धरून उभी होती. तिच्या पायांची चुळबुळ बंद झाली होती. इतकी स्थिर मी तिला कधी पाहिली नव्हती.

"तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली.

"कुमुद, अगं, वेड लागलंय का?" भावोजी ओरडले. "कुठे जाणार?"

"ते मला कशाला विचारता? आजवर कुठे विचारलं होतंत?"

रागावून नव्हे, अगदी साधेपणाने ती हे म्हणाली. ओहोटी लागली होती. इस्माईलने आमच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि जेवणाचा डबा व पाण्याचा कॅन ग्रीनवर ठेवून होडी वळवली.

त्या दिवशीच्या भरतीला ग्रीन परत आलं नाही. दक्षिणेकडच्या कोळ्यांकडून निरोप येतात. मालवणसमोर ताईने बांगडे घेतले आणि एक जाडशी चादर मागितली. तब्येत चांगली आहे. भावोजी आता सकाळी भाजी आणतात, चहा ठेवतात आणि तो उकळेपर्यंत तीनदा गॅलरीत जाऊन येतात.

परवा हेगिष्टे घरी आले होते. सभासद नसलेल्या व्यक्तीला ग्रीनवर उभं राहता येत नाही, याची त्यांना काळजी होती.

"मग तिला सभासद करून घ्या," भावोजी म्हणाले.

"करतो. पण पत्ता कुठला घालू?"

भावोजी उठून गॅलरीत गेले आणि परत आले. "वारा कुठला आहे?"

"उत्तरेचा."

"मग सध्या वेंगुर्ला घाला," भावोजी म्हणाले. "पेन्सिलने."