बाबी कुकाचं बिनसाखरेचं एगनॉग

बाबी कुक अंडं कानाला लावून ऐकतो. फोन आल्यासारखं. डोळे मिटायचे, मान थोडी वाकडी करायची, अंडं हळूच हलवायचं आणि आत काय चाललंय त्याचा अंदाज घ्यायचा. आतून डुचमळल्याचा आवाज आला की ते बाजूला ठेवून म्हणतो, "ह्या बोलता. नको." गप्प बसणारं अंडं तेवढं त्याला चालतं. कोंबड्या माझ्या, अंडी माझी, अजून उबदार असलेली, आणि हा माझ्याच ओटीवर उकिडवा बसून त्यांची परीक्षा घेतो. माझ्या कोंबड्यांचा एवढा अपमान जन्मात कुणी केला नाही. पण आता भांडायला अंगात दम लागतो, तो राहिला नाही. मी बिडी ओढतो आणि समुद्राकडे बघत बसतो.

बाबी माझा शेजारी. मध्ये फक्त एक कमरेएवढा दगडी गडगा. शाळेत आम्ही एका बाकावर होतो. मी तिसरीत शाळा सोडली, त्याने पाचवीत, आणि ह्या दोन इयत्तांचा तोरा तो अजून मिरवतो. मी आयुष्यभर किनाऱ्यावर रापणीच्या जाळ्याचा दोर ओढला. तो मालाच्या बोटीवर गेला आणि तीस वर्षं तिथं स्वयंपाक करत राहिला. लग्न केलं नाही. परत आला तो थेट आपल्या थोरल्या विधवा बहिणीकडे, भागीआकाकडे. घर दोघांचंच, म्हातारा आणि म्हातारी.

बोट सुटली तरी बोटीची खोड सुटली नाही. आल्या आल्या त्याने सुताराला बोलावून जेवायच्या टेबलाला चारी बाजूंनी बोटभर उंचीची पट्टी मारून घेतली. ताटं घसरून पडू नयेत म्हणून. मी विचारलं, घर हलता काय रे? तर म्हणतो, "हलला तर?" त्या पट्टीमुळे टेबलावरची शितं खाली लोटता येत नाहीत, कोपऱ्यात अडकून वाळतात, आणि भागीआका रोज काडीने ती टोकरत त्याच्या नावाने बोटं मोडायची.

पण खरी गंमत वेगळी. चाळीस माणसांना रोज चार वेळा खाऊ घालणारा हा कुक स्वतःच्या घरात दहा वर्षं चुलीजवळ गेला नव्हता. आकाने जाऊच दिलं नाही. आल्याच्या पहिल्या आठवड्यात ह्याने बांगड्याच्या तिकल्याच्या कालवणात लोणी घातलं. आकाने त्याच्या हातातली डवली काढून घेतली आणि त्याला दाराबाहेर काढलं. तेव्हापासून हा उंबऱ्याच्या अलीकडे उभा राहून हुकूम सोडायचा. जाळ कमी कर, आता झाकण काढ, आता स्लो, स्लो. आका ऐकायची नाही. उलट जाळ वाढवायची.

मग चार वर्षांपूर्वी आकाला साखर निघाली. कट्टा गावच्या डॉक्टरने साखर बंद केली, गूळ बंद केला, भात अर्धा केला. आका म्हणजे चहात तीन चमचे साखर घेणारी बाई. बिनसाखरेचा चहा तिने एकदा तोंडाला लावला आणि गायीच्या घमेल्यात ओतला. गायही प्यायली नाही असं आका सांगायची, ते खरंखोटं गायीला माहीत. त्यातच भाद्रपदात ताप आला. ताप गेला, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेला. दिवाळीपर्यंत तिचं जेवण म्हणजे दोन घोट पेज. चोळीच्या बाह्या लोंबायला लागल्या. डॉक्टर म्हणाला, दूध आणि अंडी रोज पोटात गेली पाहिजेत, नाहीतर मालवणला नेऊन सलाईन लावावं लागेल, आणि एवढ्या अशक्तपणात पुढचं काही सांगता येत नाही. आका म्हणाली, मी ह्या घरातून एकदाच बाहेर पडेन, तेही चौघांच्या खांद्यावर.

त्या दिवशी बाबी चुलीजवळ गेला. अडवायला आका उठू शकली नाही. दुसऱ्या सकाळी अंडी न्यायला आला तेव्हा अंडं कानाशी धरून बराच वेळ बसला. मग म्हणाला, "धा वर्सां त्या चुलीची वाट बघितलंय रे तात्या. गावली ती अशी."

त्याच्या डोक्यात एगनॉग होतं. हे नाव मी पहिल्यांदाच ऐकलं. नाताळात बोटीवरच्या सायबांसाठी तो करायचा. दूध आटवायचं, अंड्याचा पिवळा बलक फेटून त्यात हळूहळू सोडायचा, साखर, रम, वरून जायफळ. मी म्हटलं, हे आकाला कसं चालेल?

"साखर डॉक्टरान काढल्यान, रम आकान काढल्यान," बाबी म्हणाला.

"मग रवला काय?"

"दूद, आंडी नि मी."

चव बघायला मी. दुसरं कोण असणार? आकाला एकदा वाईट लागलं की ती परत गिलासाला हात लावणार नाही, म्हणून आधी माझ्यावर प्रयोग. रोज सकाळी गडग्यावरून एक पितळेचा गिलास यायचा. पहिल्या दिवशी दूध फाटलं होतं, मी ते चावून खाल्लं. दुसऱ्या दिवशी त्याने खजूर घातला. कट्ट्याला फोन करून विचारलं तर डॉक्टर ओरडला. तिसऱ्या दिवशी पिकलं केळं. तेही नको. चौथ्या दिवशी नुसतं दूध आणि अंडं, गोड काही नाही. मी एक घोट घेतला आणि खरं ते सांगितलं, की पावसात भिजलेल्या कोंबडीला मिठी मारल्यासारखं लागतंय.

बाबीने गिलास उचलला आणि गेला. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मीही बोललो नाही. खरं बोललेला माणूस माफी मागत नाही. फक्त अंडी मात्र माझी बायको दोन्ही दिवस गडग्यावर ठेवून येत होती, आणि ती नेमकी सगळ्यात ताजी कशी असत, ते मी इथे सांगणार नाही.

तिसऱ्या दिवशी गिलास आला. मी उभ्या उभ्या घोट घेतला आणि खाली बसलो. गोड होतं. साखरेसारखं नव्हे, पण गोड होतं. अंड्याचा वास कुठे नव्हता. मी म्हटलं, चोरून साखर घातलंस. तर बाबीने शपथ घेतली. नारळाचा पहिला दाट रस, मंद जाळावर तासभर हलवलेलं दूध, दालचिनीचं पान, परसातल्या झाडाचं जायफळ. आणि चिमूटभर मीठ. "गोडपण दुदातच असता," तो म्हणाला. "मीठ घातल्यार भायर येता. घाई केल्यार येना नाय." एवढं सांगताना त्याने दोन इयत्तांचा तोरा पुरता वापरला. मी वापरू दिला.

आकाने त्या दिवशी अर्धा गिलास घेतला. पिऊन झाल्यावर म्हणाली, "शेवटी घातलंस मा साखर? माका ठावक होता." बाबीने मान खाली घातली आणि गुन्हा कबूल केल्यासारखा उभा राहिला. साखर चोरून मिळतेय ह्या आनंदात आका दुसऱ्या दिवशी पूर्ण गिलास प्यायली. पंधरा दिवसांत भिंतीला धरून ओटीवर येऊन बसायला लागली. टेबलाच्या पट्टीला शिव्या द्यायला लागली, तेव्हा आम्ही समजलो की बाई वाचणार.

आणि मग मार्गशीर्ष लागला.

आमच्या वाडीत मासे-अंडी सगळे खातात, पण ज्याचा वार असतो तो त्या दिवशी त्यांना शिवत नाही. त्यात आका मार्गशीर्षातले गुरुवार करायची. कलश मांडायचा, दिवसभर उपास, देवीची पोथी ऐकायची आणि संध्याकाळी गोडाचं जेवून सोडायचा. चाळीस वर्षं एक गुरुवार चुकला नव्हता. बाबी बोटीवर गेला त्या वर्षी तिने हे धरलं, तो सुखरूप परत यावा म्हणून. तो परत आल्यावर माझ्या बायकोने तिला विचारलं होतं, आता कशाला करतेस? आका म्हणाली, "मी सोडलंय तर तो परत जाईत."

पहिल्या गुरुवारी तिने गिलासाला हात लावला नाही. पाण्यावर राहिली. दिवे लावायच्या वेळी कलशासमोरून उठायला गेली आणि तिथेच कलंडली. बाबीने उचलून खाटेवर घातली. डॉक्टरने बजावलं, आता उपास नको, पुन्हा अशी पडली तर मी हात टेकले. आकाने हे डोळे मिटून ऐकलं आणि पुढच्या गुरुवारच्या नारळाची चौकशी केली.

दुसऱ्या गुरुवारी सकाळी बाबी माझ्या ओटीवर आला. उकिडवा बसला नाही, उभाच राहिला.

"एक आंडा दी."

मी म्हटलं, आज गुरुवार.

"तिका कळाचा नाय. हळदीचा दूद म्हणान सांगतंय. पिवळा पिवळ्यात जाता."

मी नाही म्हटलं. तिचा चाळीस वर्षांचा वार माझ्या कोंबडीच्या अंड्याने मोडायचा? मला नाही जमायचं. माझा शब्द मी सहसा फिरवत नाही, सगळ्या वाडीला माहीत आहे.

"पडली परत तर ती उठाची नाय, तात्या," एवढंच तो म्हणाला आणि गेला.

माझी बायको आतून सगळं ऐकत होती. तिने माझा चहा आणून ठेवला तो असा की अर्धा बशीत सांडला. मी तो प्यायलो. मग कोंबड्यांच्या खुराड्यापाशी गेलो. गुडघे धरून वाकलो, अंडं काढलं आणि गडग्यापर्यंत चालत गेलो. बाबी परसात नारळ खवत बसला होता. अंडं गडग्यावर ठेवून मी म्हटलं, "कोंबयेन घातल्यान. तिका वार कळना नाय." आणि मागे न बघता परत आलो.

आका ते हळदीचं दूध प्यायली. दिवस नीट गेला. कलंडली नाही.

तिसऱ्या गुरुवारी मी न विचारता अंडं ठेवलं. दुपारी बाबी रोज जेवण आटपून माझ्याकडे सुपारी कातरायला येतो, तो आला नाही. तीन वाजले तरी नाही. मला वाटलं आकाचं काही बिघडलं. मी उठून त्यांच्या घरी गेलो, पण उंबऱ्यावर थांबलो. दुपारी मी बांगडे खाल्ले होते, आणि आत कलश मांडलेला होता.

कलशासमोर बाबी बसला होता. ओला पंचा नेसून, उघड्या अंगाने, चष्म्याची एक काडी दोऱ्याने कानाला बांधलेली. समोर पोथी. ओळीवर बोट ठेवून वाचत होता, पाचवीतला मुलगा वाचतो तसं, अडखळत. ओठ सुकून पांढरे पडले होते. चाळीस माणसांचं जेवण करणारा माणूस. ह्याने देवाला कधी हात जोडलेले मी पाहिले नव्हते.

मी हळूच विचारलं, जेवलंस काय? त्याने मला गप्प राहायची खूण केली आणि उठून दाराशी आला.

"तिच्या पोटात आंडा गेला," तो कुजबुजला. "म्हणजे तिचो उपास मोडलो. मगे तो कोणीतरी करूक होयो मा? गेल्या गुरुवारपासून मीच करतंय. पाणी पण घेवक नाय." मग माझ्याकडे बघत राहिला. "पुरुषान केल्यार चलता काय रे?"

मला काय माहीत? माझ्या बापाने, आज्याने कुणी हे केलेलं नाही.

"चलता," मी म्हटलं. खणखणीत सांगितलं.

त्याचा चेहरा जरा सैल झाला. तो परत जाऊन बसला आणि वाचायला लागला. मला लगेच परतायचं नव्हतं. मी बाहेर पायरीवर बसलो, पाय लांब केले. आत त्याचं बोट ओळीवरून सरकत होतं, मध्येच थांबत होतं, पुढे जात होतं.

तेवढ्यात खाटेवरून आकाचा आवाज आला. आकाला अक्षर वाचता येत नाही, पण चाळीस वर्षं ऐकून पोथी पाठ आहे.

"बाबी, मदली एक ओळ सोडलंस."

बाबीने बोट वरच्या ओळीवर नेलं.

"आज उपास तुझो आसा मा?" आका म्हणाली. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "मगे नीट वाच. माझ्या उपासात कधी एक ओळ सुटाक नाय."

मी मागे वळून बघितलं नाही. मग पान उलटल्याचा आवाज आला आणि बाबी पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला लागला, आधीपेक्षा सावकाश.