सावंतकाकांचे गाल

दोन्ही तळवे गालांवर ठेवून कातडी कानांपर्यंत मागे ओढायची आणि समोरच्याला विचारायचं, "कसो दिसतंय गो?" आमच्या शेजारचे सावंतकाका हल्ली नमस्कार असाच करतात. वय अडुसष्ट. भोईवाड्यातल्या आमच्या मजल्यावर सगळ्यांनी या प्रश्नाची धास्ती घेतलीय. मी तोंडावर सांगते, "सोललेल्या अंड्यासारखे!" म्हाताऱ्याला तेही कौतुक वाटतं.

मिशी काळी करतात, पण वरचा ओठही तितकाच काळा. उभा जन्म शिवडीच्या गोदामात मुकादमकी केली, तेव्हा कधी धड भांग पाडला नाही. आणि आता म्हातारचळ! दादरच्या एका डॉक्टरसमोर लग्नातला फोटो ठेवून म्हणाले, "ह्यो चेहरो होयो."

डॉक्टर म्हणाला, "कातडी ताणून दहा वर्षं कमी करता येतील."

"चाळीस करा ना!"

हृदयाच्या डॉक्टरांनी बजावलंय, भूल झेपणार नाही, जिवावर बेतेल. मुलगा हातापाया पडला. यांचं एकच पालुपद, "भूल नको, तसोच शिवा." आता मला सांगा, याला काय म्हणायचं?

काकींचं डोकं हल्ली ठिकाणावर नसतं. त्यांच्याकडे बघायचं सोडून हे आरशात! परवा मी त्यांची वाटी परत द्यायला गेले, तेव्हा काकांना चांगलं सुनावायचंच ठरवलं होतं.

काकी चहा गाळत होत्या. काका बाहेरून आले. काकींनी झटकन डोक्यावर पदर घेतला आणि भिंतीशी सरकून खाली मान घालून म्हणाल्या, "मामंजी, हे अजून येऊक नाय."

मामंजी! सासरे जाऊन जमाना झाला. पण काका म्हातारपणी हुबेहूब बापासारखे दिसायला लागलेत, हे मला तेव्हा कळलं.

काकांनी तळवे गालांवर ठेवले आणि कातडी ओढली. काकींनी निरखून पाहिलं. पदर हळूच खांद्यावर उतरला.

"अहो! खंय होतात इतको वेळ? च्या घेवा."

कप पुढे आला, पण काका हात काढेनात. हात सुटला की पुन्हा मामंजी. डोळ्यांतलं पाणी हातांवर ओघळत होतं.

"घेवा की! थंड होतली," काकी वैतागल्या.

 कप घेऊन मीच काकांच्या तोंडाला लावला.

ताणलेल्या ओठांतून ते कसेबसे पुटपुटले, "फुंकर घाल गो आधी. भाजता."