वीतभर वर

२ मे, मंगळवार. ऊन कडक, वारा पश्चिमेचा. देवडोंगराच्या रोपवेवर चालक नेमायचा होता, म्हणून त्या दिवशी रोपवे मंडळाच्या सभागृहात उमेदवारांना मोराची चित्रं रंगवायला बसवलं. कारण रंग भरताना ज्याचं मन निवतं तो जमिनीवरून उचलला जातो, आणि ज्याचं लक्ष टिकतं तो फार वर जात नाही.

रोपवेला दोन्ही गुण असलेला माणूस लागतो. म्हणून मोर रंगवून होईपर्यंत सतरंजीपासून वीतभर वर राहायचं, एवढीच परीक्षा. वीत परीक्षक टिपणीसबाईंची. त्या उमेदवाराखाली हात घालून मापायच्या.

वयाची अट पंचविसाची, आणि केतकी ढोबळेला पंचविसावं संपत आलं होतं, म्हणजे ही शेवटची संधी. याआधी दोनदा तिने मोर सुरेख रंगवला, पण बोटभरही उचलली गेली नव्हती. यंदा हुकलं तर सोमवारपासून मामांची पिठाची गिरणी.

"मोराचा गळा रंगवून झाला, तरी तू सतरंजीलाच चिकटलेली," टिपणीसबाई म्हणाल्या.

"तुम्ही हात घातला की धडकीच भरते, बाई."

"आणि ट्रॉली मध्येच अडकली की? तेव्हा माणसं लटकलेली असतात, माझा हात नव्हे."

केतकीने दात आवळून पिसारा घेतला. शेजारी सिद्राम कोळेकर हिरवा रंग भरता भरता केव्हाच वीत ओलांडून गेला होता.

"अगं ए," तो वरून म्हणाला, "मी जरा जास्त वर आलोय का?"

"जरा? बाईंच्या अंबाड्याला पाय लागतोय तुझा!"

"बरं वाटतंय पण."

सभागृहाचे पत्रे बदलायला काढले होते. सिद्रामच्या डोक्यावर नुसतं आभाळ होतं.

"बाई, शिडी आणा ना कुणीतरी!" केतकी ओरडली.

"शिडी पत्रेवाल्यांनी नेली. आणि उमेदवार सभागृहाबाहेर गेला की मंडळाचा संबंध संपतो."

"अहो, पडेल तो!"

"शांत आहे तोवर नाही पडणार."

"आणि खाली बघून घाबरला तर?"

वाऱ्याने सिद्राम केतकीच्या डोक्यावर आला. सतरंजीवर उठून उभं राहिलं की उमेदवार बाद. हातातला रंग थांबला तरी बाद. त्याचा पाय तिच्या कपाळावरून सरकला, आणखी वर निघाला.

तिने बसल्या बसल्या डावा हात उंच करून त्याचा घोटा धरला. उजव्या हाताने निळा रंग चालूच ठेवला.

"सोड गं, गुदगुल्या होतायत."

"हलू नकोस, मेल्या! रेघेबाहेर जाईल माझं."

घोट्यात नाडी लागत होती, अगदी सावकाश. पिसाऱ्याचे डोळे एकेक भरत गेले. ती कशी कोण जाणे त्याच नाडीच्या लयीत श्वास घेऊ लागली. टिपणीसबाईंनी खाली हात घातला. अंगठा सतरंजीला टेकला, करंगळी केतकीला.

"वीत भरली," त्या म्हणाल्या. "पण दोन माणसांची."

"मग?"

"मोर पुरा कर आधी."

तिने पुरा केला. वर सिद्राम घोरत होता.

निकाल संध्याकाळी लागला: चालकाच्या एका जागेवर केतकी ढोबळे व सिद्राम कोळेकर, मिळून एक उमेदवार. गुरुवारी सकाळी पहिली ट्रॉली सुटली तेव्हा केतकी खुर्चीपासून वीतभर वर होती, उजव्या हातात दांडा, डाव्या हातात सिद्रामचा घोटा. ट्रॉली वेळेवर पोचली.