तायडे मावशी आणि चार झोळ्या

नांदुऱ्यात कुणी माणूस फार मोठा झाला, की त्याला एकाच बाईची भीती वाटायला लागते. तायडे मावशींची. मावशींनी सरकारी दवाखान्याच्या बाळंतपणाच्या वॉर्डात आया म्हणून उभी नोकरी काढली. त्या काळात गावात जन्मलेला प्रत्येक जण कसा जन्मला, हे त्यांना तोंडपाठ आहे. आणि ते त्या स्वतःपाशी ठेवत नाहीत.

धान्याचे एक मोठे अडते आहेत. मोंढ्याच्या बाजारात त्यांच्या शब्दाला वजन. एकदा मी त्यांच्या गादीवर बसलो असताना मावशी आल्या आणि चार गिऱ्हाइकांसमोर सुरू झाल्या, "हा झाला ना, तव्हा रडेच ना! निळा पडला होता. डॉक्टरीणबाई घाबरली. मी पाय धरून उलटा केला, तव्हा कुठी आवाज निघाला. आता पाहा, लिलावात कसा बोंबलते!"

शेठ हसले, घाम पुसला आणि म्हणाले, "मावशी, काम सांगा ना."

मावशींचं काम एकच असतं. रेल्वे लाइनीच्या पल्याड एक वस्ती आहे. कुणी कापसाच्या जिनिंगात राबतं, कुणी मालधक्क्यावर पोती उचलतं, कुणी भंगार वेचतं. तिथल्या पोरांची नावं शाळेच्या पटावर असतात. पोरं मात्र शाळेपर्यंत पोचतातच असं नाही. ती पोचली पाहिजेत, हे मावशींनी निवृत्तीनंतर स्वतःच्या अंगावर घेतलं. पैसे कुणी पुढे केले तर त्या हात मागे घेतात. "पैसे घेऊन मी काय करू बाप्पा? तुह्या हातानं काय होते, थे सांग."

मग शेठच्या मुनीमजींनी दर रविवारी रिकाम्या बारदानावर पोरांना बसवून गणित शिकवायचं ठरलं. चौकातला न्हावी ("तू तं खांद्यापर्यंत केस घेऊनच आला होता बे!") पोरांचे केस कापायला लागला. चष्मेवाल्यानं पोरांचे डोळे तपासले. माझं झेरॉक्सचं दुकान आहे. वस्तीतल्या पोरांचे दाखले, आधार कार्डं, सगळं माझ्याकडे. रांग कितीही असो, मावशी थेट काउंटरच्या आत. मी कुरकुरलो, की ऐकवायच्या, "तूच टांग्यात झाला ना? दवाखाना येऊ देला नाही तुनं. तव्हापासून तुले सबुरी नाही." हे त्यांनी माझ्या बायकोलाही सांगून ठेवलंय. आमच्या घरातली भांडणं आता टांग्यापाशीच संपतात.

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. वस्तीतली निकिता नववीत होती. मुनीमजी तिच्यावर फार खूश. म्हणायचे, ही पोरगी गणितात मलाच अडवते. ती तीन रविवार आली नाही. मावशींनी चौकशी केली, तर शाळेतही नव्हती. त्या तिच्या घरी गेल्या. निकिता ओट्यावर बसली होती आणि मांडीवर नऊ महिन्यांचा भाऊ. कापसाचा हंगाम सुरू झाला होता, आई सकाळीच जिनिंगात जायची. लेकराला पाहणार कोण?

संध्याकाळी आई आल्यावर मावशी म्हणाल्या, "लेकरू मले दे."

आई ओशाळली. "मावशी, तुमचं वय काय, तुमचे गुडघे काय! थो हातात राहत नाही."

"मायी उमर लेकरं सांभाळण्यातच गेली. दे म्हणतो ना."

दुसऱ्या दिवशी निकिता वर्गात, आणि मावशी शाळेच्या भिंतीबाहेर कडुलिंबाखाली. फांदीला झोळी बांधलेली, बाजूला वरण-भाताचा डबा. मधल्या सुट्टीत निकितानं बाहेर येऊन भावाला भरवायचं, घंटा झाली की परत आत.

वस्तीत ही बातमी पसरायला कितीसा वेळ लागणार? आठवड्याभरात लिंबाला चार झोळ्या झाल्या आणि चार पोरी वर्गात परत आल्या. तीन झोळ्या माझ्या बायकोच्या साड्यांच्या होत्या. त्यातली एक अजून नेसायची होती, हे तिला उशिरा कळलं. दुपारी मावशींना जेवायला घरी जाता यावं म्हणून दुकान अर्धा तास बंद करून मी तिथे बसायचो. एक रडला की चारही रडायची. पहिल्या दिवशी मी कुणाला हलवावं ते न कळून स्वतःच उभा राहून हलत होतो. रस्त्यानं जाणारा न्हावी सायकल थांबवून बघत राहिला. शेवटी त्यानंच दोन पोरं उचलली.

एक दिवस मी पोचलो आणि तेवढ्यात हेडमास्तर बाहेर आले. नवीनच बदलून आले होते.

"मावशी, ही शाळा आहे, पाळणाघर नाही. रडण्याचा आवाज वर्गात येतो. मुलं खिडकीतून इकडेच बघत बसतात. उद्यापासून इथे नको."

मावशींनी पदर खोचला. आता सर संपले, असं मला वाटलं.

"सर, तुमचा जन्म कुठचा?"

"लातूरचा. का?"

लातूरचा माणूस! त्याच्या जन्माबद्दल मावशींना काहीच ठाऊक नव्हतं. मग त्यांनी कडेवरचं लेकरू माझ्याकडे दिलं आणि हात जोडले.

"सर, मी इथून उठतो. पण मी उठली, का चार पोरी उठतीन. एकदा वर्गात जाऊन त्याहिले पाहून या. मंग तुमी म्हणसान तसं."

हेडमास्तर आत गेले. बऱ्याच वेळानं शिपायाला घेऊन बाहेर आले. शाळेच्या मागच्या बाजूला खेळाच्या जुन्या सामानाची खोली होती. तिचं कुलूप उघडायला लावलं, तुटक्या बॅटी आणि फाटक्या जाळ्या बाहेर काढायला लावल्या. "इथून आवाज वर्गात जात नाही," एवढंच म्हणाले. नंतर त्यांनी घरून एक सतरंजीही आणून दिली.

हंगामभर मावशी त्या खोलीत होत्या. चारही पोरींनी वार्षिक परीक्षा दिली. निकिता दहावीत गेली. मुनीमजींनी अख्ख्या मोंढ्यात पेढे वाटले.

कापूस संपला, जिनिंग बंद पडलं, लेकरांच्या आया घरी राहू लागल्या. झोळ्या धुऊन, घडी घालून आमच्याकडे परत आल्या.

त्यानंतर एका दुपारी मावशी दुकानात आल्या. कडक ऊन होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. हातात कुणाचा दाखला नाही, काही नाही.

"काही काम होतं?"

"नाही. बसाले आली."

मी चहा सांगितला. त्या खाली चटईवर पाय लांब करून बसल्या. मी कसा झालो त्याची गोष्ट नाही, गावातल्या कुणाची कुरापत नाही. मग म्हणाल्या, "निकिताच्या भावाले आता दाढा आल्या असतीन, नाही?"

"जाऊन बघा ना मावशी. पाच मिनिटांवर तर वस्ती आहे."

"नाही रे. थो मले पाह्यलं का मायपाशी राहत नाही. रडते. माय दिवसभर घरी हाय आता त्याची. तिची सवय लागू दे त्याले."

चहा आला. त्यांनी बशीत ओतला, पण प्यायल्या नाहीत. लांब केलेले त्यांचे दोन्ही पाय, लेकराला पायांवर निजवून हलवतात तसे, सावकाश हलत होते.