उनरूंच्या शेताभोवती तीन फेऱ्या

वादळ कसं शोधायचं हे मला कोणी शिकवायला जाऊ नये. तीस वर्षं मी आमच्या गावाबाहेरच्या टेकडीवर गाडी लावून, मांडीवर रेडिओ घेऊन आभाळाकडे बघत बसलेलो आहे. ढगाचं पोट खाली लोंबायला लागलं की हवामान खात्याला कळवायचं, एवढंच काम. पण ते इतकी वर्षं केलं की माणसाला ढगाची नियत कळायला लागते. निदान मला कळते, असं मी चर्चमध्ये चारचौघांत बोलून दाखवत असे. गेल्या मे महिन्यापर्यंत.

आमचे पाळकसाहेब रेव्हरंड थॅडियस बोल्डन एक्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांचं प्रवचन बोलत सुरू होतं आणि गात संपतं. पहिली दहा मिनिटं शेजाऱ्याशी कुंपणावरून बोलावं तसं ते बोलतात. मग एखादा शब्द जरासा लांबतो. ऑर्गनवरची बाई त्या शब्दाखाली हळूच एक सूर ठेवते. पुढचं वाक्य त्या सुरावर पाय देऊन चढतं, त्याच्या पुढचं आणखी वर, आणि आपण बाकावरून कधी उठलो हे आपल्यालाच कळत नाही. देव ईयोबाशी वावटळीतून बोलला, तो बायबलमधला अध्याय ते दर मे महिन्यात घेतात, कारण ओक्लाहोमात मे महिना वावटळींचाच. चाळीस वर्षं मी ती वावटळ त्यांच्या गळ्यातून ऐकत आलो आहे. खिडक्यांची तावदानं थरथरतात.

तर एप्रिलमधल्या एका रविवारी सगळे गेल्यावर ते पहिल्या बाकावर बसले आणि मला म्हणाले, "वर्डेल, एक सांगू? मी वावटळ कधी पाहिलेली नाही."

मला वाटलं, थट्टा करताहेत.

"खरंच सांगतो. भोंगा वाजला की सगळं गाव आपल्या तळघरात. आणि सगळं गाव तळघरात म्हटल्यावर गाणं कोणी धरायचं? मी. आयुष्यात सात वादळं डोक्यावरून गेली. सातही ऐकली. पाहिलं एकही नाही."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं की पानं गळायच्या सुमाराला फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळेल. अक्षरं तर गेलीच होती, माणसांचे चेहरेही गेले होते. कोठार, टेकडी, ढग अशा मोठ्या गोष्टी अजून दिसत होत्या.

"ज्याच्यावर चाळीस वर्षं गायलो ते एकदा बघून घ्यावं म्हणतो," ते म्हणाले. "पुढे मग नुसतं गायचंच आहे."

कोणी असं काही बोललं की मी मोठी मोठी आश्वासनं देतो, हा माझा जुना दोष आहे. मी म्हणालो, "पाळकसाहेब, मी दाखवतो." जणू वावटळ माझ्या गोठ्यात बांधलेली होती.

मे महिन्याच्या तिसऱ्या शुक्रवारी चर्चची पांढरी गाडी काढली. पंधरा माणसांची गाडी, दोन्ही बाजूंना चर्चचं नाव, टपावर माझ्या रेडिओची काठीएवढी तार. पुढे मी आणि पाळकसाहेब, मागे त्यांच्या पत्नी अर्नेस्टीनबाई आणि त्यांनी तळलेल्या कोंबडीचा डबा.

"वादळ बघायला जाताना कोंबडी कशाला?" मी विचारलं.

"वादळ नाही दिसलं तर काय खाणार आहेस? तोंडघशी पडशील तेव्हा तोंडात काहीतरी हवं," बाई म्हणाल्या.

त्या अशाच आहेत. त्यांच्याशी बोलताना मी नेहमी पुढे बघून गाडी चालवतो.

दुपारी दोनपर्यंत आम्ही कॅन्सस राज्यात पोचलो. तिथल्या एका पेट्रोल पंपावर वादळांमागे धावणाऱ्यांची जत्रा भरली होती. गारांनी पोचे पडलेल्या गाड्या, टपांवर फिरणारी यंत्रं, आत संगणकाचे तीन तीन पडदे. एका दाढीवाल्या माणसाने आमच्या गाडीची तार बघितली आणि जवळ येऊन विचारलं, "बाबा, तुम्ही कुठे निघालात? आमची यंत्रं पश्चिम सांगताहेत."

मी आभाळाकडे पाहिलं. डोळे बारीक केले. "उत्तर," मी म्हणालो.

"कशावरून?"

"तीस वर्षांवरून."

तो हसला आणि गेला. पण पंधरा मैलांवर मोबाइलची रेंज गेली, त्याचे पडदे काळे पडले असणार, कारण आरशात पाहिलं तर दाढीवाला माझ्या मागे. त्याच्यामागे आणखी दोन. त्यांच्यामागे जे होते त्यांनी विचार केला असणार, हे तिघे जाताहेत म्हणजे काहीतरी आहे. अर्ध्या तासात माझ्यामागे बावीस गाड्या होत्या. अर्नेस्टीनबाईंनी मोजल्या.

"वर्डेल, हे सगळे तुझ्यामागे येताहेत. त्यांना सांग तरी."

"काय सांगू?"

"की तुलाही माहीत नाही."

मी ऐकू न आल्यासारखं केलं. आभाळ शाईसारखं झालं होतं. मी दिवे लावले. मागच्या बावीस जणांनी दिवे लावले. तो ढग मला सतत उजव्या हाताला ठेवायचा होता, म्हणून चौकात मी उजवीकडे वळलो. मैलभराने पुन्हा उजवीकडे. आमच्या मैदानी मुलखातले रस्ते एकेका मैलावर काटकोनात कापतात, सगळे चौकोन सारखे, सगळीकडे गहू, आणि मी गाडी चालवताना खाली नाही तर वर बघत होतो.

समोरून एक ट्रक आला. आम्हाला बघून तो कडेला उभा राहिला. चालकाने टोपी काढून छातीशी धरली. मग एक ट्रॅक्टर. त्याच्यावरच्या म्हाताऱ्यानेही टोपी काढली.

"लोक टोप्या काढताहेत," अर्नेस्टीनबाई म्हणाल्या.

"पाळकसाहेबांना मान देताहेत," मी म्हणालो. "गाडीवर चर्चचं नाव आहे ना."

पाळकसाहेबांनी सभ्यपणे दोन्ही वेळा हात वर केला. त्यांना टोप्या दिसत नव्हत्या, पण कोणी मान दिला तर तो परत करावा अशी त्यांची रीत आहे.

मग मला पुढे एक हिरवी गाडी दिसली. टपावर इतकी यंत्रं की गाडीपेक्षा यंत्रंच मोठी. ती अगदी ठाम चालली होती. मनात म्हटलं, याला नक्की माहीत आहे. मी कोणाला न सांगता तिच्यामागे लागलो. ती उजवीकडे वळली, मी वळलो. चौकाच्या कोपऱ्यावर एक उंच वाळकुडा शेतकरी गवती हॅट छातीशी धरून उभा होता. पुन्हा उजवीकडे. पुन्हा. पुन्हा. कोपऱ्यावर पुन्हा एक उंच वाळकुडा शेतकरी, हॅट छातीशी.

"या भागात सगळी माणसं एकाच साच्याची दिसतात," मी म्हणालो.

"माणूस तोच आहे," अर्नेस्टीनबाई म्हणाल्या. "आणि ती हिरवी गाडी आपल्याच रांगेतली शेवटची आहे. मी मघाशी मोजताना बघितली होती. वर्डेल, तू आपल्याच शेपटीमागे धावतोयस."

पाळकसाहेबांचे खांदे हलत होते. ते हसत होते की खोकत होते, हे मी विचारलं नाही.

तिसऱ्या फेरीला तो शेतकरी हात वर करून रस्त्यात आला. मी थांबलो. मागचे बावीस थांबले. तो खिडकीशी आला. केस पावसाने कपाळाला चिकटलेले, पण हॅट अजून छातीशी.

"मी हार्लन उनरू. हे माझं शेत," तो हळू आवाजात म्हणाला. "तुमच्या दुःखात मध्ये बोलतोय, माफ करा. पण तिसऱ्यांदा चाललात. गेलेल्या माणसाची दफनभूमी सापडत नाहीये का?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पुढे चर्चची गाडी, मागे दिवे लावलेली संथ रांग. आमच्याकडे अशी रांग एकाच कारणासाठी निघते. अर्ध्या परगण्याने आमच्यासाठी टोप्या काढल्या होत्या.

पाळकसाहेब माझ्यावरून खिडकीकडे झुकले. "दफन माझंच समजा, उनरू," ते म्हणाले, "पण अजून थोडा वेळ आहे. त्याआधी मला एक वावटळ बघायची आहे."

उनरूंनी त्यांच्याकडे पाहिलं. हसले नाहीत. "मग इतकं फिरलात कशाला? माझ्या अंगणात येऊन उभे राहा. कोठाराच्या पलीकडचा ढग तासाभरापासून खाली यायचं म्हणतोय. बहुतेक उत्तरेला निघून जाईल. पण तिकडेच माझा शंभर एकर गहू आहे. कापणीला दोन आठवडे राहिलेत."

आम्ही सगळे अंगणात गेलो. वारा पडला होता. चार-पाच मैलांवर ढगाचं बूड काळंनिळं होऊन हळूहळू फिरत होतं. पाळकसाहेबांना मी अंगणाच्या कडेला उभं केलं, तोंड बरोबर तिकडे. "दिसतं का?"

"ढग दिसतोय," ते म्हणाले. त्यांनी माझा दंड घट्ट धरला होता. "मोठा आहे रे."

माझे सगळे अपराध धुऊन निघाले असं मला वाटलं. अजून पाच मिनिटं, आणि माझा शब्द खरा होणार होता.

आणि उनरू म्हणाले, "मयत नसली तरी तुम्ही चर्चची माणसं आहात. माझ्या गव्हासाठी दोन शब्द बोलाल का?"

पाळकसाहेबांचा गळा प्रवासाने बसला होता. ते म्हणाले, "आमचा वर्डेल बोलेल. वर्डेल, थोडक्यात."

हे 'थोडक्यात' उगीच नव्हतं. मी जेवणाआधी प्रार्थना धरली की रस्सा दोनदा गरम करावा लागतो, असं अर्नेस्टीनबाई उघड म्हणतात. पण त्या दिवशी मी खरंच थोडक्यात करणार होतो. टोपी काढली, मान खाली घातली, डोळे मिटले. सगळ्यांनी मिटले. मागे दाढीवाल्यानेही टोपी काढल्याचं मला मिटता मिटता दिसलं.

"प्रभू," मी म्हणालो, "हा गहू तुझा आहे."

"आमेन," पाळकसाहेब म्हणाले.

मी दोन वाक्यं बोललो आणि थांबायच्या बेतात होतो, तेवढ्यात पाळकसाहेबांनी दुसरं आमेन म्हटलं, पहिल्यापेक्षा मोठ्याने. ज्यांचं गाणं आपण चाळीस वर्षं बाकावरून उचलून धरलं, त्यांनी आपलं वाक्य उचलून धरावं! माझा एक शब्द लांबला. त्यांनी आणखी मोठ्याने आमेन म्हटलं. माझा सूर लागला. आयुष्यात पहिल्यांदा लागला. मी गव्हावरून पेरणाऱ्यावर गेलो, पेरणाऱ्यावरून नोहाच्या पावसावर, तिथून एलीयाच्या अग्निरथावर. प्रत्येक वळणावर पाळकसाहेबांचं आमेन मला आणखी वर चढवत होतं, आणि मागे बावीस गाड्यांची माणसं गुणगुणत साथ देत होती.

शेवटी मी आमेन म्हटलं आणि डोळे उघडले, तेव्हा गालावर पाणी होतं.

ढग वर गेला होता. उत्तरेला धुळीचा एक पातळ पट्टा रेंगाळत होता, गाडी गेल्यावर रस्त्यावर राहतो तसा.

"गेली," अर्नेस्टीनबाई म्हणाल्या.

"काय गेली?" मी विचारलं.

"वावटळ. तू नोहाशी पोचलास तेव्हा उतरली. एलीया रथात बसला तेव्हा उचलली गेली. गव्हाला शिवलीसुद्धा नाही. रिकाम्या कुरणावरून गेली."

मग पाळकसाहेब बायकोकडे वळले. "अर्नेस्टीन, तू प्रार्थनेत डोळे उघडे ठेवतेस?"

"बावन्न वर्षं. तुमच्या पाण्याच्या पेल्याकडे कोणी बघायचं? तुमचा धक्का लागतो त्याला."

"मग मला सांगायचंस तरी."

"प्रार्थनेत बोलू कशी? कोपर मारलं. चार वेळा मारलं."

पाळकसाहेब जागच्या जागी उभे राहिले. "मला वाटलं, मी डुलकी काढतोय असं तुला वाटतंय," ते म्हणाले. "म्हणून जागा आहे हे कळावं म्हणून मी मोठ्याने आमेन म्हणत होतो."

मला अंगणातल्या विहिरीत उतरावंसं वाटलं. उनरू मात्र माझा हात दोन्ही हातांत धरून सोडेनात. अशी लागू पडलेली प्रार्थना त्यांनी जन्मात ऐकली नव्हती. दाढीवाला धावत आला. त्याच्या टपावरच्या कॅमेऱ्यात सगळं आलं होतं. त्याने पाळकसाहेबांपुढे छोटा पडदा धरला. त्यांनी तो जवळ नेला, लांब नेला आणि जपून परत दिला. "छान आहे, बाळा," ते म्हणाले. त्यांना काही दिसलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर ते मागे बायकोशेजारी बसले. पुढे मी एकटा. शंभर मैलांनी मागून पाळकसाहेबांचा आवाज आला, "रंग कसा होता?"

"आधी राखेचा. मग खालची लाल माती चढली तसा खालून तांबूस झाला."

"जाड?"

"वर जाड. खाली तुमच्या मनगटाएवढी. आणि वाकडी. सरळ उभी नव्हती राहत, वयस्कर माणूस जिना उतरतो तशी जपून उतरली."

"आणि आवाज?"

अर्नेस्टीनबाईंनी बराच विचार केला. "आवाज नव्हता. इतक्या लांबून काहीच ऐकू येत नव्हतं. अंगणात फक्त तुमचं आमेन होतं."

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून विचारलं. बाईंनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. घर येईपर्यंत असं चाललं होतं, आणि मी कोंबडी न खाता गाडी चालवत होतो.

त्या रविवारी पाळकसाहेबांनी ईयोब घेतला. चाळीस वर्षं वावटळीच्या जागी त्यांचा आवाज गर्जायचा, त्या जागी तो खाली उतरला. वर जाड, खाली मनगटाएवढी, वाकडी, जपून उतरणारी, असं ते गाऊ लागले, इतकं हळू की ऑर्गनवरच्या बाईने हात उचलले. पुढे देव बोलला. तेही हळूच. मी उठलो नाही. कोणीच उठलं नाही. आम्ही ती पाहत होतो.

पण हे नंतरचं. प्रवचनाआधी त्यांनी प्रार्थनेसाठी माझंच नाव घेतलं होतं. मोठ्या मनाचा माणूस. "वर्डेल, थोडक्यात," एवढंच म्हणाले. मी पुढे गेलो, मान खाली घातली, आणि जन्मात पहिल्यांदा डोळे उघडे ठेवून प्रार्थना धरली. पहिल्या बाकावर अर्नेस्टीनबाई माझ्याकडे बघत मनगटावरच्या घड्याळावर बोट टेकत होत्या. मागचे तीन बाक भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. किती वर्षांपासून, देव जाणे. आणि पाळकसाहेब खुर्चीत ताठ बसले होते, हात जोडलेले, तोंड पश्चिमेच्या खिडकीकडे, दोन्ही डोळे टक्क उघडे.

मी प्रार्थना करत असताना ते पुन्हा धोका पत्करणार नव्हते.