भुताच्या बंगल्यातलं मांजर

दिव्यानीनं ठरवलं, नवरा शेतावरून यायच्या आत फक्त मांजर शोधायचं आणि फोन होता तिथं ठेवून द्यायचा. एवढंच. एका मांजरानं काय होणार होतं?

फोन नवऱ्याचा, म्हणजे सुनिलचा. वाट पाहून पाहून वाघ दिसला की गावाला सावध करणाऱ्या वाघ-पथकात नुकतंच त्याचं नाव लागलं होतं. लाल जॅकेट मिळालं, शिटी मिळाली आणि 'वाघ खबर' नावाच्या ग्रुपवर जागा मिळाली. पथकाचे प्रमुख वारलूभाऊ यांनी बजावलं होतं, "खोटी खबर टाकली का जॅकेट वापस!" ते जॅकेट सुनिल लग्नालाही घालून जायचा. (उन्हाळ्यातल्या लग्नाला.) आज शेतावर जाताना फोन चार्जिंगला लावून तो सांगून गेला होता, "याले हात नोको लावू."

दिव्यानीनं हात लावलाच नव्हता. एक बोट लावलं होतं.

गेम होता भुताच्या बंगल्याचा. खोलीखोलीत पसारा आणि पसाऱ्यात लपलेल्या वस्तू बोटानं टिपायच्या. घरातल्या पालीला भिणारी दिव्यानी त्या बंगल्यात मात्र पार तळघरापर्यंत जाऊन आली होती. कवटी सापडली, गंजलेली किल्ली सापडली. सासू रंभाबाई मागून डोकावल्या.

"कोनाचं घर होय वो हे?"

"भुताचं, आई."

"भूत असन तं असन, पन झाडू मारता नाई येत का त्याले? केवढा केर!"

आता उरलं होतं फक्त परसातलं मांजर. अंधारलेलं परस, कमरेएवढं गवत, पडकी भिंत, विहीर. छत्री दिसत होती, एक बूट दिसत होता, पण मांजर काही दिसेना. शेवटी हरून तिनं पडद्यावरच्या त्या परसाचा फोटो काढला आणि धानोऱ्याच्या नणंदेला, साधनाला, पाठवायला घेतला. साधनाची नजर तेज. खाली लिहिलं, 'इथीच कुठी तरी आहे. मले दिसून नाई राह्यलं. लवकर पाहा.'

तेवढ्यात तिच्या लेकीनं, दोन वर्षांच्या रोशनीनं, चिंचोका तोंडात घातला. दिव्यानी किंचाळली. चिंचोका काढला, आणखी एखादा गिळला तर नाही ना म्हणून लेकीला उलटं करूनही पाहिलं. या गडबडीत बोटानं फोटो पाठवून टाकला. साधनाला नाही, साधनाच्या वर जे नाव होतं त्याला. 'वाघ खबर'ला. दिव्यानीला याचा पत्ताच नाही.

फोन टुंग टुंग वाजायला लागला. त्या ग्रुपवर दिवसभर गुड मॉर्निंगची फुलंच येतात, म्हणून तिनं तिकडं पाहिलं नाही. मग वारलूभाऊंचा फोन आला. उचलावा तर बोट लावलं ते उघडं पडणार (आणि गेमही मोडणार). तिनं कट केला. पुन्हा आला, पुन्हा कट.

तिकडं पानठेल्यावर काय चाललं होतं, ते नंतर कळलं. अर्धा गाव एका फोनवर वाकला होता.

"हा तं तलावापासचा जुना डाकबंगला!"

"तिथी विहीर कुठी आहे बे?"

"गवतात झाकली असन. ते सोड, छत्री पाह्य. मानसाची छत्री!"

"बूट बी एकच."

"मंग दुसरा?"

दुसऱ्या बुटाचं कोणी बोललं नाही.

"सुनिल फोन नाई उचलून राह्यला, कट करून राह्यला."

"तो कायले कट करन? वाघाचा पंजा लागत असन!"

वारलूभाऊ बंगल्याला लांबून चक्कर मारून, ठसे पाहून आले. मग सगळे निघाले ते थेट सुनिलच्या अंगणात.

"सूनबाई, धीर धर," वारलूभाऊ म्हणाले. "सुनिलले वाघानं नेलं. पन पोट्ट्यानं शेवटपर्यंत खबर देली. जॅकेटची लाज राखली."

दिव्यानी मटकन बसली आणि तिनं असा हंबरडा फोडला की रंभाबाईंनी काय झालं ते न विचारताच साथ दिली.

"भाजी चांगली नाई म्हनून डबा ठेवून गेले वो! उपाशी पोटानं गेले वो!"

समजूत पटावी म्हणून वारलूभाऊंनी आपला फोन पुढं धरला. फोटोत कोणीतरी लाल गोल काढला होता. "हा पाह्य, इथी बसून आहे. डोळे चमकून राह्यले."

दिव्यानीनं डोळे पुसले. पाहिलं. दोन कान, दोन हिरवे डोळे.

"सापडलं!" ती टाळी वाजवत उभीच राहिली. "विहिरीच्या मांगं होतं!"

एक बाई हळूच म्हणाली, "डोक्यावर परिनाम झाला बिचारीच्या."

नेमका तेव्हाच डोक्यावर गवताचा भारा घेऊन सुनिल आला. गर्दी पाहून दचकला.

"कोन मेलं?"

"तू," वारलूभाऊ म्हणाले.

मग दिव्यानीनं एका दमात सगळं सांगून टाकलं. गेम, मांजर, साधना, चिंचोका. सुनिलनं दोरीवरचं जॅकेट काढलं, घडी केली आणि वारलूभाऊंपुढं धरलं. त्याचा चेहरा पाहून दिव्यानीला पुन्हा रडू आलं. हे रडू आवाज न करणारं होतं.

वारलूभाऊंनी जॅकेटकडं पाहिलं, मग जमलेल्या गावाकडं. अडचण अशी होती की ठसे त्यांनी स्वतः पाहिले होते. आणखी दोघांनी डरकाळी ऐकली होती. एकाची तर बकरीही गेली होती. (ती त्यानं बाजारात विकली होती, पण आता ते कोण काढतं?)

"सूनबाई," ते खाकरून म्हणाले, "मांजर तुह्या फोनात असन. बंगल्यात वाघच आहे. सुनिल, घाल जॅकेट! तुह्यामुळंच गावाले खबर लागली. चाल, पहाऱ्यावर."

सुनिलची छाती फुगली. जॅकेट चढलं, शिटी तोंडात गेली. दिव्यानीनं त्याची बाही धरली.

"नोका जाऊ वो!"

"काऊन? वाघ नाई, तूच तं सांगून राह्यली होती."

"नाईच आहे."

"मंग?"

"पन असला तं?"

सुनिल बाही सोडवून शिटी फुंकत गेला. दिव्यानीनं दाराला कडी घातली, कडीला दोरी बांधली, रोशनीला छातीशी धरलं, आणि बंगल्यात वाघ नाही हे अख्ख्या गावात जिला पक्कं ठाऊक होतं, ती दिवस मावळेपर्यंत खाटेवरून खाली उतरली नाही.